डोळे कोरडे आहेत हे खरं, पण सगळंच त्याच्या माथी मारू नका

प्रश्न अमळनेरच्या एका शिक्षिकेचा आहे. वय 36, उणे साडेतीनचा चष्मा, दिवसा शाळा आणि संध्याकाळी लॅपटॉपवर शिकवण्या. पाच महिन्यांपूर्वी चरचर आणि लालीसाठी डोळे दाखवले, 'ड्राय आय' निघाला, दिवसातून चार वेळा थेंब सुरू झाले. चरचर बरीच कमी झाली, नजरेचा गोंधळ मात्र गेला नाही. त्या लिहितात: वाचता वाचता अक्षरं पुसट होतात, डोळे मिचकावले की परत दिसतात. रात्री धुळ्याहून येताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना फाटे फुटतात. पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की काळे धागे फिरतात. आणि दोनदा असं झालं की नजरेच्या मधोमध एक चमकती, दातेरी रेघ उमटली, वीसेक मिनिटं सरकत राहिली आणि निघून गेली. तीन डॉक्टर झाले, तीन चष्मे झाले, तक्त्यावर दर वेळी 6/6, म्हणजे पूर्ण नजर. सगळ्यांचं उत्तर एकच, कोरडेपणामुळे होतं. 'मग थेंब घालूनही जात का नाही? माझे डोळे जाणार तर नाहीत ना?'

ताई, शेवटचं आधी सांगतो. तुम्ही लिहिलंय त्यात डोळे जाण्यासारखं काही मला दिसत नाही. पण एक तपासणी राहून गेलेली दिसते, ती याच आठवड्यात उरका. कोणती ते पुढे येईलच.

तुम्ही चार तक्रारी सांगितल्यात आणि चौघींना एकाच पिशवीत घातलंय. त्यात तुमची चूक नाही, आम्ही डॉक्टरांनीच ती पिशवी तुमच्या हातात दिली. एकदा फाइलवर 'ड्राय आय' लिहिलं की पुढचं जे काही होईल ते त्याच खात्यावर पडतं. माझ्या हिशेबाने तुमच्या चारपैकी एक तक्रार पूर्ण कोरडेपणाची आहे, एक अर्धी, आणि दोन मुळीच नाहीत. त्या दोन थेंबांनी जाणार नव्हत्याच.

पूर्ण कोरडेपणाची म्हणजे पहिली: अक्षरं पुसट होणं आणि मिचकावल्यावर परत येणं. हे नीट समजून घ्या, कारण तीन चष्म्यांचं कोडंही इथेच सुटतं.

डोळ्यावर अश्रूंचा जो थर असतो तो जेमतेम 3 मायक्रॉन जाडीचा. आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड. पण बाहेरून येणारा प्रकाश सगळ्यात जास्त वळतो तो इथे, बुबुळाच्या या ओल्या पृष्ठभागावर. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो) धरली तर त्यातले 43 च्या आसपास या पुढच्या काचेचे. म्हणजे तुमच्या नाकावरच्या साडेतीनच्या चष्म्यापेक्षा कितीतरी मोठा चष्मा देवाने पाण्याने लिंपलेला आहे, आणि प्रत्येक वेळी पापणी लवते तेव्हा तो नव्याने लिंपला जातो. लिंपण टिकलं तर नजर स्वच्छ, मध्येच तडकलं तर अक्षर फाटतं.

हे तडकणं मी रोज बघतो. डोळ्यात नारिंगी रंग लावलेला कागद टेकवायचा, पेशंटला दोनदा उघडझाप करायला लावायचं, मग निळा उजेड लावून स्लिट लॅम्प नावाच्या दुर्बिणीतून बघत मनात आकडे मोजायचे. आधी सगळं बुबुळ एकसारखं हिरवंगार दिसतं, पोळा-पंचमीच्या सुमाराला शेत दिसतं तसं. एक, दोन, तीन... आणि चौथ्या-पाचव्या आकड्याला खालच्या बाजूला एक काळा ठिपका उघडतो. मग दुसरा. मग ते पसरून एकमेकांना मिळतात. निरोगी डोळ्यात हे व्हायला 10 सेकंदांहून जास्त लागतात. एकदा एका बाईंच्या डोळ्यात ठिपका नेमका बुबुळाच्या मध्यावर उघडला आणि त्याच क्षणी त्या म्हणाल्या, 'आता पुसट झालं बघा.' मला जे दिसत होतं तेच त्यांनाही दिसत होतं, फक्त आतल्या बाजूने.

आता तक्ता आठवा. ओळ वाचायला सांगितली की माणूस आपोआप दोनदा डोळे मिचकावतो आणि दोन सेकंदांत वाचून टाकतो. तक्ता मिचकावल्यानंतरच्या क्षणाची नजर मोजतो, तुमची तक्रार त्यानंतरच्या सहा सेकंदांची आहे. म्हणून 6/6 ही खरं आणि तुमचा त्रासही खरा. 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं कोणी म्हटलं असेल तर ते वाक्य विसरून जा.

नंबरचंही तसंच. फाटक्या थरावर मशीन लावलं की सकाळी एक नंबर येतो, संध्याकाळी दुसरा. सिलिंडर, म्हणजे चष्म्यातला तिरका नंबर, तर अर्ध्या-पाऊणने सहज हलतो. पृष्ठभाग सुधारण्याआधी चष्मा काढणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. पाच महिन्यांत तीन चष्मे झाले, आता चौथा करू नका. उपचार नीट चालू ठेवून दीड-दोन महिन्यांनी, शक्यतो दोन वेगवेगळ्या दिवशी नंबर तपासा आणि दोन्ही वेळा जुळला तरच काच घाला. नंबर हलण्याची दुसरी मोठी कारणं म्हणजे साखर आणि बुबुळाचा आकार. भुसावळचे एक रेल्वेतले गृहस्थ महिनाभर माझ्याकडे कोरड्या डोळ्यांसाठी येत होते, सकाळी दूरचं दिसायचं, जेवणानंतर नाही. साखर तपासली तर साडेतीनशे. तुमची साखर कधी तपासली होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची, दोन्ही करून घ्या.

बुबुळाच्या आकाराबद्दल मला स्वतःची एक चूक सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजातला एक मुलगा यायचा, डोळे खाजायचे, तो सतत चोळायचा, नंबर वाढत होता. मी ॲलर्जी आणि कोरडेपणा म्हणून आठ महिने थेंबांवर काढले. शेवटी बुबुळाच्या उंचसखलपणाचा नकाशा (टोपोग्राफी) काढला तर ते शंकूसारखं पुढे आलेलं, केराटोकोनस. आधी कळलं असतं तर क्रॉसलिंकिंग (औषध आणि अतिनील किरणांनी बुबुळ घट्ट करणं) करून तिथल्या तिथे थांबवता आलं असतं. तेव्हापासून वर्षात दोनदा नंबर बदलला की मी नकाशा काढतो, वय काहीही असो. तुमच्या वयाला नव्याने केराटोकोनस सुरू होणं कमी, तरी एकदा काढून घ्या, आयुष्यात एकदाचं काम आहे. आणि डोळे चोळणं आजपासून बंद. खाज आली तर बंद पापणीवर गार पाण्याची घडी ठेवा.

आता रात्रीचे फाटे. ही अर्धी तक्रार.

धुळ्याकडून येताना अंधार, मध्ये दुभाजक नाही, समोरून ट्रकचे पांढरे एलईडी. रात्री बाहुली मोठी होते, त्यामुळे बुबुळाच्या कडेचा वेडावाकडा भागही प्रकाश आत सोडतो आणि दिव्याला काटे फुटतात. कोरडा पृष्ठभाग ते वाढवतो. पण नीट न बसलेला सिलिंडर नंबरही तेच करतो, सुरुवातीचा मोतीबिंदूही करतो. आणि एक इतकं साधं कारण आहे की सांगायला लाज वाटते. माझ्याकडे कोणी ही तक्रार घेऊन आलं की डोळे बघण्याआधी मी त्यांचा चष्मा मागून घेतो आणि टॉर्चसमोर तिरका धरतो. ओढणीने, पदराने, शर्टाच्या टोकाने पुसून पुसून काचेवर गोल गोल रेघांचं जाळं झालेलं असतं. आपल्याकडच्या धुळीत कोरडी काच पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. काच आधी नळाखाली धरा, मग पुसा. गाडीची काच आतूनही पुसा, तिथे तेलकट थर असतो.

कोरडेपणाचा वाटा किती, हे घरी कळतं. अंगणातून दूरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे एका डोळ्याने बघा. चार वेळा सावकाश उघडझाप करा, फाटे बदलतात का? मग थेंब घाला, दोन मिनिटं थांबा, परत बघा. आता जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून बघा. मिचकावण्याने किंवा थेंबाने बदललं तर कोरडेपणा. थेंबाने ढिम्म हललं नाही पण भोकातून दिवा स्वच्छ टिकलीसारखा दिसला तर नंबर, बुबुळाचा आकार किंवा काच. भोकातूनही सुधारलं नाही तर डोळ्याच्या आतल्या भागाकडे लक्ष द्यायचं, आणि ते डॉक्टरचं काम. हीच परीक्षा दोन-दोन दिसणाऱ्या अक्षरांनाही लागू पडते. त्याआधी एक करा: एक डोळा झाका. झाकल्यावरही सावली दिसतच असेल तर दोष उघड्या असलेल्या डोळ्यात किंवा त्याच्या चष्म्यात. कोणताही डोळा झाकला की नाहीशी होत असेल तर दोन डोळे एकत्र काम करत नाहीत. ती वेगळी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट, लगेच दाखवायची.

काळे धागे कोरडेपणाचे नाहीत. डोळ्याच्या आत जेलीसारखा द्रव असतो, वयाने आणि उणे नंबरवाल्यांत जरा लवकर, तो पातळ होतो, त्यात तंतू तयार होतात आणि त्यांची सावली डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडते. पांढरी भिंत, निळं आभाळ, मोबाइलचा पांढरा स्क्रीन, इथेच ते जास्त दिसतात. नजर वळवली की मागोमाग डुलत येतात. बहुतेकांचे निरुपद्रवी असतात आणि काही महिन्यांत मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पण उणे नंबर असलेल्या माणसाने हे गृहीत धरायचं नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, डॉक्टरने डोक्याला दिवा बांधून पडद्याच्या कडा चारही बाजूंनी बघितल्या पाहिजेत. तुमच्या तिन्ही कागदांवर हे झाल्याचं लिहिलेलं नाही. राहिलेली तपासणी ती हीच. जवळपास सोय नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे होते.

आणि हे मात्र पाठ करून ठेवा: अचानक धाग्यांचा पाऊस पडल्यासारखं झालं, अंधारातही कडेला वीज चमकल्यासारखं झालं, किंवा नजरेसमोर एका बाजूने काळी सावली सरकत आल्यासारखं वाटलं, तर थेंब नाही, फोन नाही, त्याच दिवशी पडदा बघणाऱ्या डॉक्टरकडे. पडदा फाटला असेल आणि सुटायच्या आत लेझर झालं तर नजर वाचते.

आता ती दातेरी रेघ. या रेघेनेच तुमची झोप उडवली असेल, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

ही रेघ डोळ्यात होतच नाही, मेंदूच्या मागच्या भागात होते. अर्धशिशीची ही नांदी, आणि पुष्कळांना नांदीनंतर डोकं दुखतच नाही, म्हणून कोणाला अर्धशिशी आठवत नाही. मेंदूच्या पृष्ठभागावर चेतनेची एक लाट अगदी सावकाश सरकते, मिनिटाला दोन-चार मिलिमीटर, आणि रेघही तशीच मधून कडेला सरकत मोठी होत जाते. 5 मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहते, बहुतेकांची वीस-तीस मिनिटं. 1870 साली ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टराने स्वतःला दिसणाऱ्या रेषांची चित्रं काढून छापली. जुन्या किल्ल्याच्या तटबंदीचा नकाशा असावा तशी ती दिसतात. पारोळ्याचा भुईकोट वरून कसा दिसेल त्याची कल्पना करा, बुरुज, कोन, पुन्हा बुरुज, आणि सगळं लखलखतं.

ओळखण्याची खूण सोपी. पुन्हा आली तर घाबरून डोळे चोळू नका, आधी डावा डोळा झाका, मग उजवा. दोन्ही वेळा दिसली आणि डोळे मिटूनही दिसत राहिली तर ती अर्धशिशीची. घड्याळ बघा. जमलं तर कागदावर काढून ठेवा, तुमच्या डॉक्टरला दहा वाक्यांपेक्षा ते चित्र जास्त सांगेल. त्याआधी तीव्र उजेड, उपाशीपणा किंवा जागरण झालं होतं का तेही लिहा. भर उन्हाळ्यात 44 अंशांत दुपारी शाळा सुटून पाणी न पिता घरी येणाऱ्या बायका यात मी फार बघितल्या.

इथे एक गोष्ट कोणी विचारली नसेल म्हणून मी विचारतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? अशी नांदी असलेल्या अर्धशिशीत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, त्या देऊ नयेत असाच नियम आहे. चालू असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना ही रेघ सांगा, त्या दुसरा उपाय देतील.

आणि अर्धशिशी नव्हे तेही ऐका. एकाच डोळ्यापुढे काही मिनिटं काळोख येऊन गेला, रेघेबरोबर बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला, तासाभरानंतरही गेली नाही, तर थेट मोठ्या दवाखान्यात. वाकल्यावर किंवा उठल्यावर दोन-पाच सेकंद सगळं काळं होत असेल आणि डोकं दुखत असेल तर डोळ्याच्या नसेला सूज आहे का बघावं लागतं. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या कोणाला नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं आणि नजर जाणं-येणं होत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही.

आता मुळातल्या कोरडेपणाकडे वळतो, कारण तो आहेच आणि तुमचा उपचार मला अर्धवट वाटतो.

एक आजी मला तावातावाने अहिराणीत म्हणाल्या होत्या, 'डोयामाईन पानी गयस नि तुम्ही म्हनतस कोरडा!' म्हणजे डोळ्यातून पाणी गळतंय आणि तुम्ही म्हणता कोरडा. प्रश्न अगदी बरोबर. थराला तीन भाग असतात: तळाशी चिकट, मध्ये पाणी, वर तेलाची साय. साय नसली की पाणी उडून जातं, बुबुळ उघडं पडून टोचतं, आणि टोचलं की डोळा मोठी ग्रंथी उघडून भळाभळा पाणी ओततो. ते पाणी टिकत नाही, गालावर येतं. बहुतेक कोरडे डोळे असेच, पाण्याच्या नव्हे तर तेलाच्या तुटवड्याचे. तुमची चरचर थेंबांनी गेली आणि पुसटपणा राहिला, त्यावरून तुमच्याकडेही तेलाचाच प्रश्न असावा.

तेलाच्या ग्रंथी पापणीच्या कडेला रांगेने असतात, वरच्या पापणीत तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. त्यांचं तोंड बुजतं आणि आतलं तेल थंडीतल्या खोबरेल तेलासारखं थिजतं. धुळे-जळगावच्या डिसेंबर-जानेवारीत त्रास वाढतो तो काही अंशी याचमुळे. म्हणून शेक. गरम पाण्याचं फडकं दोन मिनिटांत गार होतं, त्याने काही होत नाही. जाड सुती कापडात मूठभर दादर ज्वारी बांधून पुरचुंडी करा, तव्यावर कोमट करा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसवेल इतपतच, मग बंद डोळ्यांवर 8-10 मिनिटं. त्यानंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी खाली आणि खालची पापणी वर, केसांच्या दिशेने हलकी पुसा. दाबायचं बुबुळावर नाही, पापणीवर. पहिला महिना रोज दोनदा. दहा दिवसांनी 'काही फरक नाही' असं सांगत येणारे पुष्कळ, त्यांना मी परत पाठवतो.

पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंडा किंवा बारीक नळीसारखी खपली दिसते का ते आरशात बघा. ती डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याची खूण असू शकते आणि तिचा उपचार वेगळा.

थेंबांबद्दल. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेले मागा, बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे असं रसायन असलेले वारंवार घातले तर तेच पृष्ठभाग खरवडतात. एकावेळी एकच थेंब, डोळ्यात तेवढ्यालाच जागा असते, दुसरा गालावर जातो. दोन औषधं असतील तर मध्ये 5 ते 10 मिनिटं. आणि 'त्रास झाला की घालीन' असं नाही, वर्ग सुरू होण्याआधी घाला. जेल रात्रीच, दिवसा घातलं तर तेच पुसट करतं. याने भागलं नाही तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतील, ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला तीनेक महिने घेतात. ते पहिल्या आठवड्यात बंद करून 'सोसले नाहीत' म्हणू नका.

मेडिकलवाल्याकडून 'डोळे लाल झालेत, काहीतरी द्या' म्हणून घेतलेली बाटली मात्र घालू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून माणूस खूश होऊन महिनोन्महिने घालतो, आणि दाब वाढून काचबिंदू होतो, पत्ता लागत नाही. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस यांचंही तेच, माझ्या टेबलापर्यंत आलेल्या बुबुळाच्या जखमांत यांचा वाटा मोठा आहे. जवसाची चटणी खुशाल खा, पण डोळ्यांसाठी म्हणून माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल नकोत. 2018 साली पाचशेवर रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ओमेगा-3 ची तुलना ऑलिव्ह तेलाशी केली होती, वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक निघाला नाही.

तुम्ही एका ओळीत सहज लिहून गेलात की शिंकांसाठी रोज रात्री एक गोळी घेता. ती सेटिरिझिन असेल तर अश्रू कमी करणारी. उद्या कोणी अर्धशिशीसाठी ॲमिट्रिप्टिलिन दिलं तर ते आणखी कोरडं करेल आणि जवळचं वाचणंही अंधुक करेल. घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण देणाऱ्याला डोळ्यांचं सांगा. तोंडही कोरडं पडत असेल, बिस्किट पाण्याशिवाय गिळवत नसेल, सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील, तर शोग्रेन आजाराची (शरीर स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटतं तो आजार) रक्ततपासणी हवी. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुपोषित लेकरात कोरडा डोळा आणि रातांधळेपणा एकत्र दिसला तर हे सगळं बाजूला, तिथे जीवनसत्त्व अ लगेच.

घरातला सगळ्यात मोठा शत्रू कुलर. पाण्याचा आहे म्हणून हवा ओली असते हे खरं, पण झोत तोंडावर असेल तर वारा थर उडवतोच, आणि आपल्यात अनेक जण किंचित डोळे उघडे ठेवून झोपतात. झोत पायाकडे करा. दुचाकीवर स्कार्फ पुरत नाही, बाजूने बंद चष्मा हवा, नंदुरबारला मिरची पथारीच्या (मिरच्या उघड्यावर वाळत घालण्याच्या) दिवसांत तर त्याशिवाय बाहेर पडूच नये. लॅपटॉप नजरेच्या खाली ठेवा, वर बघितलं की डोळा जास्त उघडतो. आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, स्क्रीनसमोर पाच-सात वेळा, आणि त्यातल्या अर्ध्या अर्धवट. शिकवताना आठवण राहत नाही, म्हणून माझ्या एका पेशंट मास्तरांनी युक्ती काढली: दर वेळी फळ्याची स्लाइड बदलली की डोळे पूर्ण मिटून दोनपर्यंत मोजायचं. मुलांना वाटायचं सर विचार करताहेत.

आता भीतीबद्दल थोडं. तुम्ही दिवसातून कितीदा एक डोळा झाकून बघता, याचा आकडा तुम्ही दिलेला नाही, पण मला अंदाज आहे. बघाल तितकं दिसेल. धागे, वलयं, उजेड बंद केल्यावर राहणारी आकृती, हे निरोगी डोळ्यातही असतं, लक्ष दिलं नाही म्हणून दिसत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, चष्मा लावून बाथरूमच्या फरशीच्या रेघा एका-एका डोळ्याने बघा. सरळ दिसल्या, तुकडा गायब नसला, तर पुढच्या रविवारपर्यंत तपासणी बंद. रेघा वाकड्या दिसल्या तर पडद्याच्या मध्यबिंदूचं काम आहे, दाखवायचं. लाल रंग एका डोळ्याला फिका दिसला आणि डोळा हलवताना दुखला तरी दाखवायचं. बाकी दिवशी वहीत दोन ओळी: काय झालं, मिचकावल्यावर गेलं का, किती वेळ राहिलं.

पुढच्या तपासणीला जाताना ही वही, तिन्ही चष्मे, थेंबांच्या सगळ्या बाटल्या आणि त्या शिंकेच्या गोळीचं पाकीट घेऊन जा. त्या दिवशी आधीचे दोन तास थेंब घालू नका, नाहीतर थर कधी तडकतो ते डॉक्टरला कळणार नाही. पोचल्यावर स्पष्ट सांगा की बाहुली मोठी करून पडदा बघायचाय. त्यानंतर चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सोसत नाही, तेव्हा स्कूटी घरी ठेवा, कोणाला तरी सोबत न्या आणि गॉगल आधीच पर्समध्ये टाका.